रिकामे सिंहासन

नाताळ म्हणजे हजरत ईसा (अ.) यांचा जन्मदिवस, हे आमच्या मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ख्रिस्ती धर्माविषयीची आपली माहिती बहुधा तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. फार तर क्रूस, रविवारची प्रार्थना आणि कॉन्व्हेंटची शाळा. परंतु ख्रिस्ती अकीद्याची नजर जेवढी बेथलेहेमच्या गोठ्याकडे लागलेली आहे, तेवढीच पुढे येणाऱ्या एका दिवसाकडेही लागलेली आहे. त्या दिवशी ख्रिस्त पुन्हा येईल आणि सर्व अधिकार त्याच्या हाती असेल, ही त्यांची श्रद्धा. आणि गंमत अशी की, मरियमच्या याच पुत्राची वाट आपणही पाहतो आहोत. एकाच पाहुण्याची वाट पाहणारी ही दोन शेजारघरे. पाहुणा कोण, यावर दोघांचे एकमत आहे. तो कोणत्या हक्काने येणार, यावर मात्र नाही.

आम्ही काही आलिम नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवणारे साधे शिक्षक आहोत. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, त्याला कारण आमचा वर्ग. ते कारण पुढे येईलच. आधी ख्रिस्ती बांधव नेमके काय मानतात, ते त्यांच्याच बाजूने समजून घेऊ.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मगुरूंच्या दोन मोठ्या परिषदा झाल्या, ३२५ मध्ये निकिया येथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे. त्यातून श्रद्धेचा जो जाहीरनामा सिद्ध झाला, तो आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटला जातो. त्यात स्पष्ट सांगितले आहे की ख्रिस्त गौरवाने परत येईल, जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील आणि त्याच्या राज्याला अंत असणार नाही. यामागे बायबलमधील वचने आहेत. मत्तयच्या इंजीलचा शेवट होतो तेव्हा येशू आपल्या शिष्यांना सांगतो की स्वर्गातला आणि पृथ्वीवरचा सर्व अधिकार मला देण्यात आला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात तो जैतुनाच्या डोंगरावरून वर घेतला जातो आणि जसा गेला तसाच परत येईल असे शिष्यांना सांगितले जाते. बायबलमधले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण. त्यात तो पांढऱ्या घोड्यावर स्वार होऊन येतो आणि साऱ्या राजांचा राजा ठरतो.

म्हणजे पहिले येणे दीनवाणे होते. जन्म गोठ्यात, मरण क्रूसावर, मध्ये रोमन सुभेदारापुढे आरोपी म्हणून उभे राहणे. दुसरे येणे नेमके उलटे आहे. ज्याचा न्याय केला गेला, तोच न्यायाधीश होऊन येणार. ख्रिस्ती मनाला या उलटफेरीत मोठा दिलासा वाटतो. जगातला शेवटचा निकाल पिलाताचा नाही, कोणत्याही बादशहाचा नाही, हा तो दिलासा.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो त्याआधी एका मित्राकडून शिकलो. बी.एड.च्या वर्षी वसईचा एक कॅथलिक वर्गमित्र आमच्याच गटात होता. सराव पाठ, पाठ टाचण, निरीक्षण नोंदी, सगळे बरोबर. नोव्हेंबरात एकदा तो म्हणाला, "या रविवारी मला लवकर सुटायला हवं, ख्रिस्तराजाचा सण आहे." हा सण आम्ही कधी ऐकला नव्हता. त्याने सांगितले की त्यांचे धार्मिक वर्ष जानेवारीत नव्हे, नाताळच्या आधीच्या आगमनकाळाने सुरू होते, आणि वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्ताच्या राजेपणाचा असतो. आगमनकाळ म्हणजे केवळ नाताळची तयारी असे आम्हांला वाटले होते. तो म्हणाला, "नाही रे, त्यात दोन्ही आगमनं आहेत. एक होऊन गेलेलं आणि एक व्हायचं."

आम्ही सहज बोलून गेलो, "ते परत येणार, हे आम्हीही मानतो." तो क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिला. "तुम्ही? ईसा परत येणार असं तुम्ही मानता?" शेजारी राहून चारशे वर्षे झाली असतील, पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पुढे त्यानेच आम्हांला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' वाचायला दिले. २०१० साली आलेल्या या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला आहे. आपल्या मराठीतच वाचल्यामुळे ती वचने आम्हांला परकी वाटली नाहीत. पटली किती, हा वेगळा प्रश्न.

त्या ख्रिस्तराजाच्या सणाचा इतिहास इतिहासाच्या शिक्षकाला आवडावा असा आहे. तो फार जुना नाही. पोप अकरावे पायस यांनी डिसेंबर १९२५ मध्ये तो सुरू केला. पहिले महायुद्ध होऊन गेले होते, युरोपातली जुनी सिंहासने कोसळली होती, इटलीत मुसोलिनी सत्ता घट्ट आवळत होता. माणसे नव्या नेत्यांपुढे माना तुकवू लागली होती. अशा वेळी पोपने सांगितले की माणसाची अंतिम निष्ठा ज्याला द्यावी असा राजा एकच आहे. सुरुवातीला हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ च्या सुधारणांनंतर तो धार्मिक वर्षाच्या अखेरच्या रविवारी आला.

आता आपल्या घरात येऊ. कुरआनने ईसांना अल्लाहचा प्रेषित आणि मसीह म्हटले आहे. ते सुळावर मेले नाहीत, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असे सूरह निसामध्ये सांगितले आहे. सूरह जुखरुफमधील एका आयतीवरून बहुसंख्य मुफस्सिर असा अर्थ काढतात की त्यांचे येणे ही कयामतची निशाणी आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार ते दमिश्कच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील. दमिश्कच्या उमय्या मशिदीचा आग्नेय कोपऱ्यातला मिनार आजही 'ईसाचा मिनार' म्हणून ओळखला जातो. ती मशीद उभी आहे तिथे पूर्वी हजरत यह्या (अ.) यांच्या नावाचे चर्च होते. मे २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल त्या मशिदीत गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. दोन्ही घरांच्या प्रतीक्षेच्या खुणा अशा एकाच आवारात आहेत.

पण अधिकाराचे काय? इथे वाटा वेगळ्या होतात आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्या अकीद्यात ईसा न्यायी शासक म्हणून येतील, दज्जालचा नाश करतील, नवी शरीअत आणणार नाहीत, आणि इतर माणसांप्रमाणे एक दिवस त्यांना मृत्यूही येईल. शेवटचा न्याय त्यांच्या हाती नाही. उलट सूरह माइदाच्या अखेरीस जे दृश्य आहे त्यात अल्लाह खुद्द ईसांनाच विचारतो की, मला आणि माझ्या आईला देव माना असे तू लोकांना सांगितलेस काय? आणि ईसा अदबीने उत्तर देतात की जे म्हणण्याचा मला हक्क नव्हता ते मी कसे म्हणेन. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत त्या दिवशी ईसा न्यायासनावर आहेत, आणि आपल्या श्रद्धेत ते साक्षीदाराच्या जागी उभे आहेत. यापेक्षा मोठा फरक असू शकत नाही.

ख्रिस्ती माणूस यावर म्हणेल की आम्ही देवाच्या शेजारी दुसऱ्या कोणाला बसवत नाही. ख्रिस्त देवापासून वेगळा नाहीच, म्हणून त्याने न्याय करणे म्हणजे देवानेच न्याय करणे. हे त्यांचे म्हणणे आपल्याला मान्य नसले तरी ते काय म्हणतात हे नीट ठाऊक असावे. त्यांच्यातही यावर बारीक वाद झाले आहेत. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे की शेवटी पुत्र आपले राज्य पित्याच्या स्वाधीन करील. त्यावरून आजच्या अंकारा शहराचा मार्सेलस नावाचा चौथ्या शतकातला बिशप असे मांडू लागला की ख्रिस्ताचे राज्य कधीतरी संपेल. चर्चने हे मत नाकारले. त्या जाहीरनाम्यात राज्याला अंत नाही हे शब्द घालण्यामागे हाच वाद होता, असे इतिहासकार सांगतात.

मात्र न्याय कोण करणार यावर एवढा मतभेद असूनही, विचारले काय जाणार हे पाहिले तेव्हा आम्ही थक्क झालो. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात राजा सिंहासनावर बसतो आणि लोकांना दोन बाजूंना करतो, धनगर मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसे. प्रश्न अकीद्याचा नाही, नमाज-प्रार्थनेचा नाही. मी भुकेला होतो तेव्हा काय केलेत, तहानलेला, परका, उघडा, आजारी, कैदेत होतो तेव्हा काय केलेत, एवढेच. लोक गोंधळून विचारतात की आम्ही तुला कधी पाहिले? आणि राजा सांगतो की या लहानातल्या लहानासाठी जे केलेत ते माझ्यासाठीच केलेत.

हदीसचे थोडे वाचन असलेल्या वाचकाच्या मनात इथे लगेच घंटा वाजेल. सहीह मुस्लिममध्ये एक हदीसे-कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारील की मी आजारी होतो, तू भेटायला आला नाहीस. मी अन्न मागितले, तू दिले नाहीस. मी पाणी मागितले, तू पाजले नाहीस. बंदा म्हणेल, हे रब, तू तर साऱ्या जगाचा पालनहार, तुला मी कसे खाऊ घालणार? उत्तर येईल की माझा अमुक बंदा भुकेला होता, त्याला दिले असतेस तर ते तुला माझ्यापाशी मिळाले असते. पेपर जवळजवळ तोच. तिथे प्रश्न ख्रिस्त विचारतो, आपल्याकडे अल्लाह. परीक्षक कोण यावर दोन्ही घरांनी शतकानुशतके वाद घातला. प्रश्नपत्रिका मात्र दोन्ही घरांच्या हाती आधीच दिलेली आहे.

आता ज्या गोष्टीवरून या लेखाला नाव दिले तिच्याकडे वळू. इटलीतील राव्हेना या गावी सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे एक बाप्तिस्मागृह आहे. त्याच्या घुमटात रंगीत खड्यांचे चित्र आहे. बारा शिष्य रांगेने एका सिंहासनाकडे चालले आहेत, आणि त्या सिंहासनावर कोणी बसलेले नाही. उशी आहे, क्रूस आहे, राजा नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती चित्रकलेत असे रिकामे सिंहासन पुन्हा पुन्हा येते. जो येणार आहे त्याच्यासाठी ते मांडून ठेवलेले असते. ४३१ मध्ये इफिसस येथे भरलेल्या परिषदेत सभेच्या मध्यभागी सिंहासनावर इंजीलचा ग्रंथ ठेवला होता. जमलेल्या बिशपांनी लक्षात ठेवावे की अध्यक्षाची खरी जागा त्यांच्यापैकी कोणाची नाही.

आमच्या मते येणाऱ्याच्या सर्वोच्च अधिकाराचा खरा अर्थ इथे आहे. शेवटचा निकाल त्याचा, म्हणजे आज तो निकाल कोणाचाच नाही. सिंहासन रिकामे ठेवणे हीच श्रद्धा. आणि इतिहासात संकटे आली ती बहुतेक वेळा कोणीतरी त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्यामुळे.

जर्मनीतील म्युन्स्टर शहराचे उदाहरण घ्या. १५३४ मध्ये तिथे पुनर्बाप्तिस्मा मानणाऱ्या एका पंथाने सत्ता घेतली. हेच नवे यरुशलेम, ख्रिस्त येतोच आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पुढाऱ्याने ईस्टरचा मुहूर्त सांगितला. त्याच दिवशी तो शत्रूवर चालून गेला आणि मारला गेला. मग यान व्हान लायडन नावाच्या शिंप्याने स्वतःला राजा जाहीर केले. विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडाली, वेढ्यात लोक उपाशी मेले. १५३५ मध्ये शहर पडले. त्यांच्या तीन म्होरक्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे तिथल्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही आहेत. लंडनमध्ये जानेवारी १६६१ मध्ये थॉमस वेनर नावाच्या पिंपे बनवणाऱ्या कारागिराने मूठभर माणसे घेऊन येशूच्या राज्यासाठी बंड केले. रस्त्यात रक्त सांडले, राज्य आले नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. काहींनी शेतातले पीक उभेच सोडले. तारीख उलटली आणि माणसे रडत बसली.

हे वाचून आपण हसू नये. हिजरी १४०० च्या पहिल्या दिवशी, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९ रोजी, आपल्या काबागृहाच्या आवारात शस्त्रे घेऊन माणसे घुसली. महदी आले, असे त्यांनी जाहीर केले. ज्या हरममध्ये झाडाची फांदी तोडायलाही मनाई, तिथे दोन आठवडे गोळ्या चालल्या. ज्यांना महदी म्हटले होते ते त्या गोळीबारातच मारले गेले. प्रतीक्षा आपलीही खरी आहे, म्हणून धोकाही आपलाच आहे.

दुसरा एक धोका राजकारणाचा. एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे एक वेळापत्रकच मांडले. १९०९ च्या स्कोफिल्डच्या टीपांसह बायबलमुळे ते अमेरिकेत घरोघरी गेले. ख्रिस्त येण्याआधी यहुदी पॅलेस्टाइनमध्ये परतलेच पाहिजेत, हा त्यातला एक टप्पा. त्यातून इस्रायलच्या हरेक कृतीला आंधळा पाठिंबा देणारे एक बळकट मत तयार झाले. आपल्याकडे यावरून सरसकट 'ख्रिस्ती असेच' म्हटले जाते. पण ऑगस्ट २००६ मध्ये खुद्द जेरुसलेममधल्या चार ख्रिस्ती धर्मप्रमुखांनी, लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बाह यांच्यासह, जाहीर निवेदन काढून ही शिकवण खोटी ठरवली. ज्यांच्या दारात तो येणार, तेच सांगत होते की त्याच्या नावाने कोणाची जमीन घेऊ नका.

आणि हाच अकीदा जुलमाविरुद्ध उभाही राहिला आहे. मे १९३४ मध्ये जर्मनीत बार्मेन येथे काही ख्रिस्ती धर्मगुरू जमले. हिटलरला देशाचाच नव्हे, आत्म्याचाही नेता करण्याची घाई चालली होती. कार्ल बार्थ यांनी मुख्यत्वे लिहिलेल्या त्या घोषणेत सांगितले गेले की ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कोणाचेही अंतिम स्वामित्व चर्च मानणार नाही. हिटलरशी निष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे बार्थ यांची प्राध्यापकी गेली. सिंहासन रिकामे ठेवण्याची ही किंमत होती. 'ला इलाह' म्हणणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

आता आमचा वर्ग. मोबाइलवर कयामतच्या निशाण्यांचे व्हिडिओ मुले आमच्या धड्यांपेक्षा मन लावून पाहतात. अमुक युद्ध झाले, अमुक नदी आटली, म्हणजे झालेच. नववीतला एक हुशार मुलगा गृहपाठ न करता आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "सर, सब निशानियाँ पूरी हो गईं. अब दसवीं करके क्या फायदा?" वर्ग हसला, आम्हांला हसू आले नाही. कारण त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील दाखला मागायला आले होते. कारण विचारले तर म्हणाले, "आखरी जमाना है सर, लड़की घर में रहे वही अच्छा." लग्न, पैसा, अंतर, शिक्षण सोडण्याची कारणे आम्ही अनेक ऐकली आहेत. पण कयामतने एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे पुस्तक हिरावून घ्यावे, हे आम्हांला सहन होईना.

त्या गृहस्थांना आम्ही बसवले, चहा मागवला. वाद घातला नाही. फक्त एक हदीस सांगितली, जी त्यांनाही ठाऊक होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाका. आम्ही म्हणालो, "भाई, हे रोप अर्धे लावून झाले आहे. दोन वर्षे राहिलीत." ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. दाखल्याचा अर्ज त्यांनी त्या दिवशी दिला नाही. पुढे दिला नाही, हेही सांगतो. ती मुलगी दहावी झाली.

वर्गाला मात्र आम्ही एक जास्तीची गोष्ट सांगितली. थेस्सलनीका गावातले पहिल्या पिढीचे ख्रिस्ती लोक. त्यांच्यात काहीजण काम सोडून दुसऱ्यांच्या जिवावर बसले होते. ख्रिस्त आजउद्या येणारच, मग राबायचे कशाला, असे त्यांना वाटत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पौलाने त्यांना पत्रातून बजावले की ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये. मुलांना हे फार आवडले. त्या हुशार मुलाकडे वळून मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सुना? टिफिन बंद!"

मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. एकात ख्रिस्ती काय मानतात, दुसऱ्यात आपण काय मानतो. फरक मुलांनीच भरभर सांगितले आणि आम्ही ते जसेच्या तसे लिहिले, कारण फरक पुसून मैत्री होत नसते. शेवटी विचारले, "दोन्हीकडे सारखे काय?" बरीच उत्तरे आली. ईसा येणार. दज्जाल हरणार. वेळ कोणालाच ठाऊक नाही. हे शेवटचे उत्तर आम्ही अधोरेखित केले. कुरआन सांगतो की त्या घटकेचे ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे. इंजीलमध्ये येशू म्हणतो की ती घटका पित्याशिवाय कोणालाच, पुत्रालाही ठाऊक नाही. दोन्ही घरांच्या ग्रंथांनी जी तारीख सांगितली नाही, ती मोबाइलवरचा माणूस सांगतो आणि आपण ऐकतो!

खालच्या बाजूला आम्ही ते प्रश्न लिहिले: भुकेला, तहानलेला, आजारी. तास संपायला पाच मिनिटे होती. मुलांना सांगितले की येणाऱ्याचा अधिकार किती मोठा, यावर मोठमोठे विद्वान वाद घालत आले आहेत आणि घालत राहतील. पण तो येईल तेव्हा आपली हजेरी कुठे लागलेली असावी, हे दोन्ही घरांत लिहून ठेवलेले आहे. तो हुशार मुलगा वहीत उतरवून घेत होता. घंटा झाली. आम्ही उद्याचा गृहपाठ दिला.